बाबा, तुमच्या ऑफिसात काय काय होतं

बर्लिन
रविवार, १८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार. आजीला नमस्कार. चिकूला आशीर्वाद, नवरदेव झाला तरी आशीर्वादच.

मी मजेत आहे. आधी हेच लिहिते, कारण पाकीट फोडल्या फोडल्या आई तेवढंच शोधणार. पार्सल गुरुवारी पोचलं. तिळाच्या वड्यांचा चुरा झालाय, पण चुरा चमच्यानं खाता येतो आणि पुरतोही जास्त दिवस. गूळपोळी मात्र एकही मोडली नाही. आजी, तू मधे मधे वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या होत्यास ना, त्यामुळे. त्या घड्यासुद्धा मी टाकल्या नाहीत. इंदूरच्या सराफ्यात गराडूचे तळलेले काप सुरू झाल्याची बातमी त्यात अर्धी फाटलेली होती, ती तीनदा वाचली. जिरावण मसाला काल पोह्यांवर घातला. इथे पातळ पोहेच मिळतात, भिजवले की लगदा होतो, पण जिरावण पडलं की डोळे मिटून खाता येतात.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. फोनवर बाबा "बरी आहेस ना?" एवढं विचारतात आणि फोन तुझ्याकडे देतात. मग तू विचारत जातेस, मी "हो" म्हणत जाते आणि जे सांगायचं ते राहून जातं. गेले चार रविवार असंच झालं. म्हणून आज बसून लिहितेय. अक्षर मोठं काढलंय, तरी बाबांनी स्वतः वाचायचं नाही. डॉक्टरांनी महिनाभर डोळ्यांना आराम सांगितलाय, तर महिनाभर. आई, तूच वाचून दाखव, दुपारच्या चहानंतर. आजीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

आता तुझ्या काळज्या, आई. जेवण रोज करते. डबा नेते. पोळ्या रोज होत नाहीत, पण वरण-भात होतो आणि रविवारी पोळ्याही होतात. वजन कमी झालेलं नाही, फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा ओढल्यासारखा दिसतो. रात्री एकटी येते हे खरं, पण स्टेशनपासून घर चार मिनिटांवर आहे आणि रस्त्यावर दिवे आहेत. आणि मागच्या रविवारी तू जे पाहिलंस, मागे बर्फ पडतोय आणि माझी खिडकी सताड उघडी, त्यावरून तू मला जे बोललीस, ते मला लागलं. मी निष्काळजीपणा करत नव्हते. ते इथे करावंच लागतं. नीट समजावून सांगते.

इथे भर थंडीत, बाहेर शून्याखाली पाच असलं तरी, दिवसातून दोन-तीनदा घरातल्या सगळ्या खिडक्या पूर्ण उघडायच्या असतात. अर्धवट नाही, सताड. पाच ते दहा मिनिटं. त्याआधी हीटर बंद करायचा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर फार उत्तम, वारा आरपार गेला पाहिजे. मग सगळं बंद करून हीटर पुन्हा चालू. याला 'लुफ्टन' म्हणतात, आणि ही कुणाची लहर नाही, माझ्या भाडेकरारात कलम आहे तसं. पहिल्या हिवाळ्यात मी थंडीच्या भीतीनं महिनाभर खिडकीच उघडली नाही. नोव्हेंबर संपता संपता पलंगामागच्या भिंतीला काळे ठिपके आले. बुरशी. घरमालकीणबाई आल्या, भिंतीला हात लावला आणि पहिला प्रश्न केला, "तुम्ही लुफ्टन करत नाही का?" आपल्याकडे "तुम्ही आंघोळ करत नाही का?" हे ज्या सुरात विचारतील, त्या सुरात.

कारण असं आहे. इथल्या खिडक्यांना दोन-दोन, तीन-तीन काचा असतात आणि बंद केल्या की हवेचा कणही आत-बाहेर होत नाही. आपला श्वास, आंघोळ, वाळत घातलेले कपडे, वरणाच्या शिट्ट्या, सगळी वाफ आतच राहते. ती जाऊन थंड भिंतीवर बसते, जशी उन्हाळ्यात बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बसते. तिथे बुरशी धरते. खिडकी सताड उघडली की ओली हवा झटक्यात जाते, कोरडी येते, आणि भिंती पाच मिनिटांत गार होत नाहीत, त्यामुळे ऊब परत लवकर येते. पण तीच खिडकी जराशी तिरकी करून दिवसभर ठेवली तर भिंत गार पडते आणि काम उलटं होतं. इथल्या खिडकीचा मुठा एकच असतो: खाली असला की बंद, आडवा केला की दारासारखी उघडते, वर केला की वरच्या बाजूनं आत झुकते. वर करायचा नाही, आडवा करायचा. कामाच्या ठिकाणीसुद्धा बैठक मधेच थांबवून कुणीतरी उठतं, खिडक्या उघडतं, आणि सगळे कोट चढवून शांतपणे बसून राहतात. मग बंद करून पुढचा मुद्दा. हे मी इतकं सविस्तर लिहिलं कारण तुझ्या आवाजात त्या दिवशी काळजीपेक्षा राग जास्त होता. सर्दी मला त्यानंतर झालेली नाही.

बाबा, खिडक्यांवरून तुमच्याकडे येते. खरं म्हणजे हे पत्र तुमच्यासाठी आहे.

माणिकबाग महालातल्या तुमच्या ऑफिसाची ती खिडकी मला लख्ख आठवते. तिसरी-चौथीत असेन, पंधरा ऑगस्टला तुम्ही मला झेंडावंदनाला न्यायचात आणि नंतर आत नेऊन तुमचं टेबल दाखवायचात. टेबलावर हिरवं रेक्झिन, वर काच, काचेखाली अण्णांचा फोटो आणि वेतनश्रेणीचा तक्ता. वेताची खुर्ची, पाठीवर पंचा. भिंतीला लोखंडी कपाटं आणि कपाटांवर फायलींचे गठ्ठे. आणि तुम्ही दरवेळी दारात थांबवून सांगायचात, "चपला नीट पूस. महाराजांचं घर आहे हे." एक्साइजच्या ऑफिसात चपला का पुसायच्या हे मला कळायचं नाही. एकतीस वर्षं तुम्ही त्या घरात गेलात आणि एकतीस वर्षं आत शिरताना पाय पुसलेत. एकदा मी विचारलं होतं, "महाराज कुठे बसायचे?" तुम्ही म्हणालात, "कुणास ठाऊक बाळ, आता सगळं गेलं. आम्ही आलो तेव्हा भिंतीच होत्या."

त्या भिंतींच्या आत काय होतं, ते मला आता बरंचसं माहीत आहे. आणि ज्यानं ते घर बांधलं तो इथलाच, बर्लिनचा. एकार्ट मुटेझिउस. परवाच्या शनिवारी त्याचं लहानपणीचं घर बघून आले.

निकोलासे नावाचा भाग आहे, माझ्याकडून लोकलनं पाऊण तास. उंच पाइनची झाडं, उतारावर घरं, खूप शांत. त्याचे वडील हेरमान मुटेझिउस हे नावाजलेले वास्तुविशारद. ते १८९६ पासून १९०३ पर्यंत लंडनच्या जर्मन वकिलातीत होते, तिथे त्यांनी इंग्लिश घरांचा इतका बारीक अभ्यास केला की त्यावर तीन खंड लिहिले. परत आल्यावर निकोलासेत स्वतःचं घर बांधलं. उतरतं मोठं छप्पर, आणि बाहेरून कसं दिसेल यापेक्षा आत कसं राहता येईल याचा विचार आधी केलेला. मी रस्त्यावरूनच पाहिलं, आत लोक राहतात. एकार्टचा जन्म १९०४ चा. ग्लासगोचे चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश, ज्यांच्या उंच पाठीच्या खुर्च्या आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी काढायला लावल्या होत्या, ते त्याचे धर्मपिता. आई ॲना गाणाऱ्या, आणि बायकांनी कंबर आवळणारे कपडे सोडून स्वतःला सोसतील असे कपडे घालावेत म्हणून पुस्तक लिहिणाऱ्या. आजी, तुला आवडल्या असत्या त्या.

यशवंतराव होळकर महाराज ऑक्सफर्डला शिकत होते, तिथे या मुलाशी ओळख झाली. दोघंही विशीतले. महाराज १९०८ चे, म्हणजे हा चार वर्षांनी मोठा, कुठलंही मोठं काम नावावर नसलेला. त्याला सांगितलं, इंदूरला माझ्यासाठी घर बांध. १९३० ला सुरुवात झाली, १९३३ ला पूर्ण झालं. सव्वीस वर्षांचा मुलगा बर्लिनहून जहाजात बसून माळव्यात आला. वडील १९२७ ला ट्रामच्या अपघातात गेलेले. मागे आई. मी त्या निकोलासेच्या रस्त्यावर उभी होते तेव्हा घराकडे कमी आणि फाटकाकडे जास्त पाहत होते. इंदूरहून पत्र यायला तेव्हा किती दिवस लागत असतील, आणि ॲनाबाई किती वेळा त्या फाटकापर्यंत आल्या असतील.

बाबा, आता तुम्ही डोळे मिटून बसा. नाहीतरी उघडायचे नाहीतच. मी एकेक वस्तू ठेवत जाते.

त्यानं नुसत्या भिंती बांधल्या नाहीत. दिवे, आरामखुर्च्या, कपाटं, कपडे अडकवायचे स्टँड, सगळं स्वतः रेखाटलं. बरंचसं सामान जर्मनीत बनून जहाजानं मुंबईला आणि तिथून इंदूरला आलं. लालबाग महालात आपण पाहतो तसं सोनेरी नक्षीकाम, झुंबरं, मखमल यातलं काही नाही. तुकोजीराव महाराजांची ती रीत होती, मुलानं बाजूला ठेवली. पॉलिश केलेला धातू, काच, कातडं, चमकदार रंगांच्या सपाट भिंती. आणि उन्हाळ्यासाठी वातानुकूलन! १९३३ साली! तुम्ही त्याच घरात खसच्या ताट्या आणि कुलरवर काढलेत सगळे मे महिने.

महाराजांच्या अभ्यासिकेत पॅरिसच्या रूलमान या फर्निचरकाराचं लिहायचं टेबल होतं, मकासार एबनीचं. हे लाकूड काळं, त्यात तपकिरी रेघा. चांगलं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलं की वाघाच्या पाठीसारखं दिसतं. जमिनीवर इव्हान द सिल्व्हा ब्रून्झचे गालिचे, फुलं-पानं नाहीत, नुसत्या आकृत्या. ल कॉर्ब्युझिए आणि शार्लोत पेरियां यांची लांब झुकती खुर्ची होती, तीच, चंदीगडवाल्या कॉर्ब्युझिएंची, पण चंदीगडच्या वीस वर्षं आधीची. इंदूरच्या खुर्चीवर बिबट्याचं कातडं. आयलीन ग्रे या आयरिश बाईंची 'ट्रान्साट' खुर्ची, जहाजाच्या डेकवरच्या खुर्चीवरून सुचलेली: लाकडी सांगाडा आणि त्यात झोळीसारखी टांगलेली बैठक. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी केलेले धातूचे आणि काचेचे पलंग. जेवणाची चांदी जां प्युइफोर्काची. आणि वाचायच्या खोलीत स्वतः मुटेझिउसच्या लाल खुर्च्या, त्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले. पुस्तक घेऊन बसलं की उजेड आपोआप पानावर.

त्या लाल खुर्च्या मी पाहिल्यात, बाबा. आता सांगून टाकते. २०१९ ला मी इथे आले, त्याच सप्टेंबरात पॅरिसला लूव्रच्या इमारतीच्या एका भागात सजावटी कलांचं जे संग्रहालय आहे तिथे यशवंतरावांवर मोठं प्रदर्शन उघडलं, जानेवारीपर्यंत होतं. नोव्हेंबरात मी रात्रीची बस पकडून गेले. तुम्हाला सांगितलं नाही, कारण कर्जाचे पैसे होते आणि घराचे कागद बँकेत होते, आणि मुलगी दोन महिन्यांत पॅरिसला फिरायला गेली असं तुम्हाला वाटलं असतं. जाऊन-येऊन एक दिवस. सकाळी पोचले, दिवसभर तिथेच होते, रात्रीच्या बसनं परत. महाराजांचं ते काळ्या सूटमधलं मोठं चित्र, बर्नार बुते द मोंव्हेलनं काढलेलं, किडकिडीत उंच देह आणि लांब लांब बोटं. आजी म्हणते तसेच. आणि नंतर त्या खुर्च्या. मी त्यांच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिले. आजूबाजूचे लोक महाराज, हिरे, विलास असं काहीबाही बोलत होते. मला तुमचा खुर्चीच्या पाठीवरचा पंचा आठवत होता. त्याच छपराखाली. मी तिथे रडले, पण ते दुःखानं नाही, इतकंच की तुम्ही शेजारी असायला हवे होतात. तुमच्या आधी मी ते पाहिलं, हे मला अजून बरं वाटत नाही.

महाराणी संयोगिताराजेंची खोलीही तितकीच नवी होती. त्या कागलच्या, म्हणजे आईच्या माहेराकडच्या. १९३७ ला त्या गेल्या, फार तरुण वयात. महाराजांनी ब्रांकुशी या रोमानियन शिल्पकाराकडून तीन पक्षी घेतले होते, एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. पक्षी म्हणजे पंख-चोच काही नाही, वर निघालेली नुसती एक रेघ. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरलं होतं. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. दोन संगमरवरी पक्षी आता ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत, ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडिनाला. इंदूरहून निघालेले किती लांब जाऊन बसलेत. फर्निचर १९८० साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. तुम्ही म्हणालात ना, "आम्ही आलो तेव्हा भिंतीच होत्या," ते शब्दशः खरं होतं.

मग हे सगळं मला कसं कळलं? मुटेझिउसनं घर पूर्ण झाल्यावर स्वतः फोटो काढून ठेवले. काळे-पांढरे, माणूस एकही नाही, फक्त खोल्या. फार चांगले फोटो आहेत. दुसरं महायुद्ध लागल्यावर त्याचं इंदूर संपलं, तो बर्लिनला परतला, पुढेही काम करत राहिला, पण माणिकबागेसारखं पुन्हा काही त्याच्या हातून झालं नाही असं मला वाटतं. १९८९ ला इथेच वारला. त्याला पंचवीस-तीस वर्षांचा असताना जे मिळालं ते कुणाला मिळतं? पूर्ण घर, वरपासून खालपर्यंत एकाच मनातलं, आणि मालक असा की जो प्रत्येक गोष्टीला "अजून साधं" म्हणू शकेल.

आणखी एक सांगायचं आहे. डिसेंबरात इथल्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानाच्या काचेत क्रोमच्या नळीचा एक उभा स्टँड दिसला, कोट आणि पँट अडकवायचा. खाली चिठ्ठी: 'मांडू'. मी थांबले. शेजारी छत्र्या ठेवायचा एक गोल स्टँड, त्याचं नाव 'उषा'. दोन्ही १९३२ ची रेखाटनं, मुटेझिउसची. म्यूनिकची क्लासिकॉन नावाची कंपनी ती आजही बनवते. बाबा, मांडू! पावसाळ्यात आपण सगळे जायचो ते, रूपमतीच्या महालावर चिकू हरवला होता ते मांडू. आणि उषा म्हणजे आपल्या राजकन्येचं नाव. बर्लिनच्या थंडीत, काचेआड. आत जाऊन किंमत विचारली नाही. विक्रेत्याला मात्र सांगितलं की मी त्या गावची आहे. त्याला मांडू हे गाव आहे हे ठाऊक नव्हतं. मी त्याला रेवाकुंड, जहाजमहाल, सगळं सांगत बसले, तोही ऐकत बसला. दुकान बंद व्हायची वेळ झाली.

आत्याला सांगा, मी 'सुतारकाम' करते हे अगदी बरोबर आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमच्या कार्यशाळेत १९२०-३० च्या काळातलं फर्निचर दुरुस्तीला येतं. आमच्या बाई 'माइस्टर' आहेत. माइस्टर म्हणजे आपला मिस्त्री, दोन्ही शब्दांचं मूळही एकच लॅटिन. उखडलेलं विनियर मी सरस लावून बसवते. तोच सरस, जो आपल्या गल्लीतले मिस्त्री चुलीवर गरम करायचे आणि ज्याच्या वासानं आई नाकाला पदर लावायची. इथे पांढरा गोंद कपाटात कुलपात आहे, जुन्या कामाला त्याला हातही लावू देत नाहीत, कारण सरस ऊब आणि पाणी दिलं की पुन्हा सुटतो, पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणाला सांधा उघडायचा असला तर लाकूड फाडावं लागत नाही. पॉलिश लाखेचंच, कापसाच्या बोळ्यावर फडकं गुंडाळून, स्पिरिटमधे. लाख बहुतेक आपल्याच देशातून येते. परवा डबा उघडला आणि वासानं एकदम आपली दिवाळीआधीची ओसरी समोर आली, तुम्ही देव्हारा पॉलिश करताय, मी बोळा धरून बसलेय. हे काम मी तिथेच शिकले, बाबा. पदवी नंतर मिळाली.

आता जे चार रविवार राहून गेलं ते.

कर्जाचा शेवटचा हप्ता मार्चमधे जाईल. एप्रिलमधे बँकेतून घराचे कागद परत आणायचे. बाबांनी एकट्यानं जायचं नाही, चिकूला घेऊन जा, आणि आणले की आधी आजीच्या हातात द्या. घर अण्णांनी बांधलं, तिच्या बांगड्या त्यात आहेत. ती काही बोलली नाही सहा वर्षं, पण मला माहीत आहे.

चिकूच्या लग्नासाठी दीड लाख पाठवतेय, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पोचतील. नको म्हणू नका. ते हॉलच्या आणि जेवणाच्या खर्चाला धरा. आजीचं ऐकायचं यंत्रही यातूनच, लग्नाच्या आधी, म्हणजे तिला मंगलाष्टकं ऐकू येतील.

कार्यशाळेनं मला कायम केलंय. एक एप्रिलपासून. दरवर्षी करार वाढतोय की नाही ही धाकधूक आता नाही, व्हिसाचंही सोपं होईल. मी डिसेंबरच्या दोन तारखेला सही केली. तुम्हाला विचारून केली नाही. "दोन वर्षं शिकते आणि येते" असं मी तुम्हाला स्टेशनवर म्हणाले होते, ते मला शब्दन् शब्द आठवतं, आई. ते तेव्हा खोटं बोलले नव्हते. पण इंदूरला परत आले तर हे काम कुठे करू, हे मी खूप शोधलं. तिथे आज लोक जुनं कपाट भंगारात देतात आणि प्लायचं आणतात. कधीतरी हे बदलेल, आणि माणिकबागेच्या खोल्यांत काय होतं याची एखादी खोली तरी इंदूरला उभी राहील असं मला वाटतं. तेव्हा हात तयार असलेलं कुणीतरी लागेल. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणतेय असं तुला वाटेल. थोडंफार तसं असेलही.

यंदा मला सुट्टी बेतानंच मिळणार आहे. लग्नाला मी येते आहे, नक्की येते आहे, तिकीट काढलंय. पण आठच दिवस. हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. रुखवत, याद्या, आहेराची बांधाबांध, यातलं मी काहीच करू शकणार नाही आणि सगळं आईवर पडेल. मोठी बहीण असून. चिकू "काही हरकत नाही ताई" म्हणाला, आणि तो इतक्या पटकन म्हणाला की मला जास्त वाईट वाटलं.

ग्वाल्हेरच्या स्थळाला नाही कळवा. माणसं चांगली आहेत, मुलगाही बोलायला नीट आहे, मी दोनदा बोलले. त्याला वर्षभरात मी ग्वाल्हेरला यावं असं वाटतं, आणि मी त्याला अर्धवट "बघू" म्हणत ठेवणं बरोबर नाही. इथे कुणी आहे का, हे तू तीनदा आडून विचारलंस. कुणी नाही. असतं तर पहिल्यांदा तुलाच सांगितलं असतं. लग्न करायचंच नाही असं मी म्हटलेलं नाही. समाजात कुणी विचारलं, धाकट्याचं आधी कसं, तर सांगा की मोठीनंच सांगितलंय करा म्हणून. कारण मीच सांगितलंय.

बाबा, तुमच्याकडे एक काम आहे, पण डोळे उघडायची परवानगी मिळाल्यावर. एका कोऱ्या कागदावर माणिकबागेतली तुमची खोली काढा. तुम्ही साध्या पेन्सिलनं काढलेलं चालेल, मापं पावलांत दिलीत तरी चालेल. दार कुठे, तुमचं टेबल कुठे, तुमच्या मागे किती खिडक्या आणि उजेड कुठल्या बाजूनं यायचा, सकाळी की दुपारी. कबुतरं कुठल्या खिडकीत बसायची तेही लिहा. मुटेझिउसच्या फोटोंच्या प्रती माझ्याकडे आहेत. तुमचा नकाशा आला की मी तो त्यांच्यावर ठेवून बघते. एकतीस वर्षं तुम्ही नेमके कुठे बसलात, ते मला शोधायचं आहे. लग्नाला येताना त्या खोलीचा फोटो घेऊन येते.

आजीच्या गुडघ्याला तेल रोज लावा. आई, तू ऐकवून झालं की पत्र बाबांकडे दे, त्यांनी उशीखाली ठेवलं तरी चालेल.

तुमची,
मनू

ता. क. आई, खिडकी आत्ताच उघडली होती, सात मिनिटं. स्वेटर घातला होता, कानालाही बांधलं होतं.